शिंगांची बेरीज आणि शिकारीचे लेखन

मागील वर्षी कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे कन्येकडे तीन महिने मुक्काम घडला. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांच्या दिवाणखान्यात एल्क जातीच्या नर हरणाचे पेंढा भरलेले मस्तक होते. धनुष्यबाणाने केलेली ती शिकार. खाली पितळी पट्टीवर एक आकडा कोरला होता. तारीख, डोंगराचे नाव, बाण किती अंतरावरून सुटला, यांपैकी काही नव्हते. त्यांनी मला वाचावयास शिकारविषयक नियतकालिकांचे जुने अंक दिले आणि त्यांसोबत डॉ. सॅक्स्टन पोप यांचे १९२३ साली प्रसिद्ध झालेले ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ हे पुस्तकही दिले. एकाच छंदाविषयीच्या या दोन लेखनांत मला जो फरक जाणवला, तो येथे मांडतो.

प्रथम विषयाची ओळख. एल्क हे आपल्या सांबराहून थोराड आणि काश्मीरच्या हंगुलाच्या जवळच्या नात्यातले हरीण. रॉकी पर्वतातील पूर्ण वाढीचा नर सुमारे तीनशे किलो भरतो. त्याची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. सप्टेंबरात माजावर आलेला नर शिटीसारखा लांब, चढता आवाज काढतो. शिकारी मादीच्या आवाजाची नक्कल करून त्याला जवळ बोलावतो. बंदुकीला दोन-तीनशे यार्ड अंतर चालते. धनुर्धराला चाळीस यार्डांच्या आत जावे लागते. तेथे वाऱ्याची एक झुळूक फिरली तरी दिवस वाया जातो. शिवाय बाणाने प्राणी जागीच कोसळतो असे नाही, तो रक्तस्रावाने मरतो. म्हणून बाण लागल्यावर अर्धा तास किंवा अधिक थांबून मग रक्ताचा माग काढावयाचा असतो. तो माग हरवला, तर जखमी जनावर रानात कोठेतरी मरते.

आता त्या आकड्याविषयी. शिंगांच्या मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, प्रत्येक बाजूचे चार घेर आणि दोन शिंगांमधील आतले अंतर हे सारे इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून बेरीज करतात. उजव्या-डाव्या बाजूंत जो फरक असेल तो वजा होतो. शिंगे साठ दिवस वाळल्याखेरीज अधिकृत मोजणी होत नाही. धनुष्याने मारलेल्या प्राण्यांची नोंदवही ठेवणाऱ्या ‘पोप अँड यंग क्लब’ या संस्थेत सामान्य घडणीच्या शिंगांना किमान २६० ही बेरीज लागते. २०१६ साली मोंटाना राज्यात मारलेल्या एका नराची बेरीज ४३० भरली होती.

मी भू-अभिलेख खात्यात नोकरी केली. जरीब आणि फूटपट्टी यांतच माझे आयुष्य गेले; त्यामुळे मोजमापाची थट्टा मला करवत नाही. या मोजणीलाही चांगले कारण होते. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ने नोंदी सुरू केल्या, तेव्हा अमेरिकेतील मोठे वन्य प्राणी नामशेष होतील अशी भीती होती. मोठी शिंगे म्हणजे वयात आलेला नर, आणि असे नर आढळणे म्हणजे रान सुस्थितीत असल्याची खूण, असा तो विचार होता. तेव्हा नोंद अवश्य असावी.

माझा आक्षेप आहे तो आकड्याने लेखन व्यापून टाकण्याला. त्या अंकांतील बहुतेक कथा एकाच साच्याच्या आहेत. पहिल्याच परिच्छेदात बेरीज सांगून टाकतात. मग धनुष्याचे वजन, बाणाचे पाते, दुर्बीण यांची यादी येते. शेवटी मृत प्राण्याशेजारी हसरे छायाचित्र. बाण सुटल्यानंतरचा तो अर्धा तास, ज्यात माणसाच्या मनात बरेच काही घडले असेल, तो एका वाक्यात संपतो. न सापडलेल्या जनावराची कथा तर मला एकही आढळली नाही. ज्याची बेरीज होत नाही ते लिहिण्याजोगे नाही, असे या लेखकांनी ठरवून टाकल्यासारखे वाटते.

पोप यांच्या पुस्तकात एल्कचे स्वतंत्र प्रकरण नाही. तरीही या प्रकारच्या शिकारीचे मर्म तेथेच अधिक सापडते. पोप हे सॅन फ्रान्सिस्को येथील शल्यविशारद. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी याही जमातीचा अखेरचा माणूस रानातून बाहेर आला. त्याने आपले नाव कोणास सांगितले नाही. ‘इशी’ म्हणजे त्याच्या भाषेत नुसता ‘माणूस’. पोप त्याचे वैद्य होते, आणि धनुर्विद्येत त्याचे शिष्य झाले. पुस्तकाची पहिली तीन प्रकरणे इशीवर आहेत. हरणाच्या शिकारीपूर्वी तो मासे व तंबाखू वर्ज्य करी, पहाटे ओढ्यात स्नान करी, असे पोप नोंदवतात. आपले चुकलेले बाणही ते लपवीत नाहीत. प्राण्याच्या जवळ जाण्यासाठी माणसाला स्वतःत काय बदलावे लागते, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे.

पुस्तक निर्दोष नाही. पोप यांना स्वतःच्या पराक्रमाचे कौतुक आहे, आणि संग्रहालयासाठी यलोस्टोन येथे अस्वले मारल्याचे वर्णन आज वाचवत नाही. इशीची अखेर तर अधिकच अस्वस्थ करते. १९१६ साली तो क्षयाने गेला. त्याच्या जमातीच्या रीतीविरुद्ध शवविच्छेदन झाले, मेंदू काढून पुढे स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला गेला आणि २००० साली तो त्याच्या आप्त जमातींना परत मिळाला. ज्याच्याकडून विद्या घेतली त्याचाही शेवटी नमुनाच झाला. मोजण्याची आणि जपून ठेवण्याची हौस कोठवर जाते, हे येथे दिसते.

आपल्याकडेही हे नवे नाही. संस्थानी काळात वाघाची लांबी डोक्याशी व शेपटीशी खुंट्या ठोकून सरळ मोजावी की अंगाच्या वळणावरून फीत फिरवून, यावर साहेबलोक वाद घालीत. दुसऱ्या रीतीने काही इंच वाढत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो वाद उरला नाही. आपल्या जुन्या शिकारकथांतून मात्र अजून वाचावेसे वाटते ते पाणवठ्यावरची रात्र, सोबतचा आदिवासी वाटाड्या आणि चुकलेला नेम. इंच कोणाच्या लक्षात नाहीत.

निघण्यापूर्वी त्या शेजाऱ्यांना मी विचारले की ते जनावर सापडावयास किती वेळ लागला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, रात्रभर. आणि पुढे तासभर ते त्या रात्रीविषयी बोलत होते. ते त्यांनी लिहावे, असे मी त्यांना सुचवले आहे.