थंडीचा नकाशा आणि बागेची नोंदवही : एलिझाबेथ लॉरेन्स यांच्या बागलेखनाचा एक विचार

प्रास्ताविक

बागेसाठी रोप निवडणे ही वरकरणी हौसेची बाब वाटते. प्रत्यक्षात तो हवामानाविषयी घेतलेला एक निर्णय असतो, आणि तो चुकला तर त्याची किंमत पैशांपेक्षा वर्षांत मोजावी लागते. अमेरिकेत या निर्णयासाठी एक सर्वमान्य साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे तेथील कृषी खात्याने तयार केलेला 'प्लँट हार्डिनेस झोन मॅप'. रोपवाटिकेतील रोपाच्या चिठ्ठीवर, बियाण्यांच्या सूचिपत्रात आणि बागकामाच्या बहुतेक पुस्तकांत या नकाशातील विभागाचा आकडा छापलेला आढळतो. 'हार्डी' या शब्दाचा अर्थ काटक असा असला तरी येथे काटकपणा केवळ थंडीपुरता मोजला जातो. म्हणून प्रस्तुत विवेचनात या विभागांना 'शीतसहिष्णुता विभाग' असे म्हटले आहे.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बागलेखिका एलिझाबेथ लॉरेन्स (१९०४-१९८५) यांच्या 'अ सदर्न गार्डन' (१९४२), 'द लिटल बल्ब्ज' (१९५७) व मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'गार्डनिंग फॉर लव्ह' (१९८७) या पुस्तकांत हाच निर्णय निराळ्या रीतीने घेतलेला दिसतो. नकाशाचा आकडा रोप हिवाळ्यातून जगेल किंवा नाही एवढेच सांगतो. लॉरेन्स यांच्या नोंदी ते केव्हा फुलेल आणि कोणत्या प्रकारच्या वर्षी दगा देईल हे सांगतात. रोपाची निवड करणाऱ्याला हे दुसरे ज्ञान अधिक उपयोगाचे आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

नकाशा : एका आकड्याची सत्ता

कृषी खात्याचा पहिला नकाशा १९६० साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी १९२७ मध्ये बोस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरीटमचे आल्फ्रेड रेडर यांनी आपल्या वृक्ष-झुडपांच्या संदर्भग्रंथात अशा प्रकारचा नकाशा दिला होता. पुढे १९९०, २०१२ आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारी नकाशाच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. मूळ तत्त्व मात्र कायम राहिले. एखाद्या ठिकाणी प्रत्येक वर्षातील सर्वांत थंड क्षणाचे तापमान घ्यावयाचे, अनेक वर्षांच्या अशा आकड्यांची सरासरी काढावयाची, आणि त्या सरासरीनुसार दहा-दहा अंश फॅरेनहाइटचे पट्टे पाडावयाचे. ७व्या विभागात ही सरासरी उणे १७.८ ते उणे १२.२ अंश सेल्सिअस, तर ८व्या विभागात उणे १२.२ ते उणे ६.७ अंश सेल्सिअस असते. १९९० पासून प्रत्येक पट्ट्याचे 'अ' व 'ब' असे दोन भाग करण्यात आले.

या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. दोन हजार मैलांवरील रोपवाटिकेतून टपालाने रोप मागविणाऱ्या माणसाला एक आकडा पुरतो. परंतु वर्षाच्या ३६५ दिवसांतील एकच क्षण मोजणारे हे साधन उरलेल्या वर्षाविषयी मौन पाळते. २०१२ च्या नकाशात सिएटल आणि टेक्सासमधील ऑस्टिन ही दोन्ही शहरे '८ब' या एकाच उपविभागात होती. सिएटलचा उन्हाळा सौम्य आणि कोरडा, तर ऑस्टिनमध्ये पारा आठवडेच्या आठवडे ३५ अंशांच्या वर असतो. दोन्ही ठिकाणच्या बागांत एकच रोपे लावणे हे शहाणपणाचे ठरणार नाही, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. ही उणीव जाणवूनच अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ मध्ये उष्णतेच्या विभागांचा वेगळा नकाशा प्रसिद्ध केला. तोही अर्थातच एकाच मापाचा आहे. वर्षातून किती दिवस तापमान ३० अंशांच्या वर जाते, एवढेच तो मोजतो.

'मध्य दक्षिण' आणि फसवा हिवाळा

लॉरेन्स यांचा जन्म जॉर्जिया राज्यात झाला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट कॉलेजातून १९३२ मध्ये उद्यानरचनेची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. रॅले येथील आपल्या घरच्या बागेतील अनुभवावर त्यांनी 'अ सदर्न गार्डन' लिहिले. पुस्तकाच्या उपशीर्षकात 'मध्य दक्षिणेसाठी मार्गदर्शिका' असा उल्लेख आहे आणि पुस्तकाचा सारा आग्रह या 'मध्य' शब्दात साठविलेला आहे. त्या काळी प्रचलित असलेली बागकामाची पुस्तके प्रामुख्याने इंग्लंड किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागातील हवामान गृहीत धरून लिहिलेली असत. खोल दक्षिणेकडील लेखन समुद्रकाठच्या उबदार बागांचे होते. मधला प्रदेश कोणाच्याच पुस्तकात नव्हता. हे पुस्तक सरकारी नकाशापूर्वी अठरा वर्षे आधीचे आहे, त्यामुळे ते नकाशाला दिलेले उत्तर आहे असे मानणे कालविपर्यासाचे होईल. नकाशा ज्या प्रश्नाला पुढे एका आकड्याने उत्तर देणार होता, तो प्रश्न या पुस्तकाने आधीच अधिक अवघड रूपात मांडला होता, एवढेच म्हणता येईल.

हा प्रश्न अवघड का आहे, हे मध्य दक्षिणेच्या हिवाळ्याकडे पाहिल्यास कळते. तेथील थंडी सलग नसते. जानेवारीत आठ-दहा दिवस वसंतासारखी ऊब पडते, कळ्या फुगतात, आणि मग एका रात्रीत पारा गोठणबिंदूच्या बराच खाली उतरतो. जपानी कॅमेलियाचे झुडूप अशा रात्री मरत नाही. मरतात त्याच्या उमलू पाहणाऱ्या कळ्या. नकाशाच्या हिशेबाने झुडूप 'टिकले', पण ज्या फुलांसाठी ते लावले ती तपकिरी होऊन गळाली. उत्तरेकडील सलग गोठलेल्या जमिनीत झोपून राहणाऱ्या रोपाला हा धोका कमी असतो. म्हणजे काही बाबतींत अधिक थंड प्रदेश हा अधिक सुरक्षित ठरतो. तापमानाच्या एका सरासरीत हा विरोधाभास मावत नाही. जॉर्जियात २०१७ मध्ये पीचचे बहुतांश पीक गेले ते हिवाळा कडक होता म्हणून नव्हे. हिवाळा अति उबदार झाल्याने झाडांना आवश्यक तेवढी थंडी मिळाली नाही आणि मार्चमध्ये उशिरा गोठण आली, म्हणून ते गेले.

या अनुभवाला लॉरेन्स यांनी दिलेले उत्तर म्हणजे पुस्तकाच्या शेवटी जोडलेले फुलांच्या तारखांचे कोष्टक होय. आपल्या बागेत कोणते फूल केव्हा उमलले, याची वर्षानुवर्षे ठेवलेली ही नोंद आहे. समीक्षकांनी लॉरेन्स यांच्या गद्यशैलीचे कौतुक पुष्कळ केले आहे आणि ते रास्तही आहे. तथापि या पुस्तकाचा कणा शैली नसून हे कोष्टक आहे, असे वाटते. एकाच रोपाची निरनिराळ्या वर्षांची तारीख कित्येक आठवडे पुढेमागे होते, हे त्यातून दिसते, आणि हा तारखांतील फरक हेच त्या प्रदेशाचे खरे हवामान आहे. सरासरी काढली की नेमकी हीच माहिती पुसली जाते.

दोन बागा

'द लिटल बल्ब्ज' हे पुस्तक या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. त्याचे उपशीर्षक 'दोन बागांची कथा' असे आहे. एक बाग लॉरेन्स यांची, शार्लट येथील शहरी घरामागची. त्या १९४८ मध्ये रॅले सोडून तेथे राहावयास गेल्या होत्या. दुसरी कार्ल क्रिपेनडॉर्फ यांची, ओहायो राज्यात सिनसिनाटीजवळ शेकडो एकर बीचवनात पसरलेली. हीच जागा पुढे सिनसिनाटी नेचर सेंटर झाली. पहिली बाग आजच्या हिशेबाने ८व्या विभागात, दुसरी ६व्या. लॉरेन्स व क्रिपेनडॉर्फ यांच्यात नित्याचा पत्रव्यवहार होता आणि पुस्तकाची वीण त्याच पत्रांवर बेतलेली आहे. एकाच कंदाविषयी दोन ठिकाणांहून आलेली साक्ष शेजारी-शेजारी ठेवावयाची, ही तुलनेची पद्धत येथे बागकामाच्या पुस्तकात सहजपणे उतरली आहे.

लहान कंदांची निवड हा विषयही या तुलनेला अनुकूल आहे, कारण कंदांना थंडी मारते तशी ती जगवतेही. ट्युलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी तीन-चार महिने गारवा लागतो. दक्षिणेत तो पुरेसा मिळत नाही, म्हणून तेथे ट्युलिप हे बहुधा दरवर्षी नव्याने लावावयाचे फूल ठरते. त्याहून बोलके उदाहरण लायकोरिस या वंशाचे आहे. लायकोरिस रेडिएटा या लाल फुलाच्या जातीला शरद ऋतूत फूल येते, मागोमाग पाने फुटतात आणि ती सारा हिवाळा हिरवी राहतात. ओहायोतील थंडीत ही पाने करपतात आणि कंद हळूहळू क्षीण होतो. त्याच वंशातील लायकोरिस स्क्वामिजेरा या जातीची पाने वसंतात फुटतात व उन्हाळ्याआधी वाळून जातात, म्हणून ती ओहायोत सुखाने नांदते आणि उलट खोल दक्षिणेत फुलण्यास कुरकुरते. दोन्हीचा कंद जमिनीखाली असतो. फरक आहे तो पाने केव्हा बाहेर असतात याचा. विभागाचा आकडा या दोन्ही जातींना वेगवेगळ्या पट्ट्यांत टाकतो खरा, पण तसे का, हे तो सांगत नाही. कारण कळले नाही तर तिसरी, अपरिचित जात कोठे लावावी, याचा अंदाज बागकर्त्याला बांधता येत नाही.

पत्रव्यवहार हे लॉरेन्स यांच्या ज्ञानाचे माध्यमच होते. 'द न्यूयॉर्कर'च्या संपादिका कॅथरिन व्हाइट यांनी १९५८ मध्ये रोपवाटिकांच्या सूचिपत्रांवर, ती जणू साहित्यकृती असावीत अशा थाटात, परीक्षण लिहिले, तेव्हा लॉरेन्स यांनी त्यांना पत्र पाठविले. तो पत्रव्यवहार २००२ मध्ये ग्रंथरूपाने आला आहे. युडोरा वेल्टी या कादंबरीकर्तीने लॉरेन्स यांचे नाव मिसिसिपीच्या 'मार्केट बुलेटिन'च्या वाचकयादीत घातले, आणि त्यातून 'गार्डनिंग फॉर लव्ह' या पुस्तकाची सामग्री उभी राहिली. दक्षिणेतील राज्यांची कृषी खाती काढीत असलेल्या या पत्रिकांत शेतकरी स्त्रिया आपल्या परसातील बी, कंद, कलमे यांच्या छोट्या जाहिराती देत. फुलांची नावे गावाकडची असत. शास्त्रीय नाव शोधून काढणे हा लॉरेन्स यांचा छंदच झाला. या स्त्रियांजवळ नकाशा नव्हता. परंतु आजीच्या परसातून आईकडे, आईकडून लेकीकडे आलेले रोप त्या हवामानाची परीक्षा अनेकदा उत्तीर्ण झालेले होते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने

मराठी वाचकाला यातील काही गोष्टी अपरिचित वाटणार नाहीत. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) मराठी महिन्यांच्या क्रमाने रचलेले आहे. त्याचा हेतू रोपनिवडीचा नाही, तरी कोणत्या महिन्यात काय फुलते याकडे पाहण्याची शिस्त तेथेही आहे. शेतकरी मृग, आर्द्रा, हस्त अशा नक्षत्रांनी पेरणीचा विचार करतो, तेव्हा तोही सरासरीपेक्षा क्रमाला महत्त्व देत असतो. उलट किमान तापमानाचा आकडा महाराष्ट्रात जवळजवळ निरुपयोगी ठरतो. पुणे आणि महाबळेश्वर येथील हिवाळ्याच्या किमान तापमानात फार मोठे अंतर नाही. पण एकीकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर दुसरीकडे ५,००० मिलिमीटरहून अधिक. असे असताना परदेशी बियाण्यांच्या पाकिटावरील विभागाचा आकडा पाहून येथे खरेदी करण्याची प्रथा रुजू लागली आहे, ती अनाकलनीय म्हणावी लागेल. न्यू जर्सीत कढीपत्ता कुंडीत लावून ऑक्टोबरात घरात आणणाऱ्या मराठी कुटुंबाला मात्र तो आकडा खरोखर उपयोगी पडतो, कारण तेथे कढीपत्त्याचा शत्रू थंडीच आहे.

मर्यादा

लॉरेन्स यांच्या पद्धतीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. एका बागेच्या नोंदी दुसऱ्या बागेला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. अशी वही ठेवण्यास फुरसत, जागा आणि एका ठिकाणी दीर्घकाळ राहण्याची शाश्वती लागते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला ती नसते. नकाशा निदान सर्वांना सारखा मिळतो, हे त्याचे लोकशाही मूल्य नाकारता येणार नाही.

शिवाय नोंदी जुन्या होतात. २०२३ चा नकाशा १९९१ ते २०२० या काळातील, १३,४१२ हवामान केंद्रांच्या आकडेवारीवर आधारलेला आहे. २०१२ च्या नकाशासाठी ७,९८३ केंद्रांची माहिती घेतली होती. नव्या नकाशात देशाचा सुमारे निम्मा भाग अर्ध्या विभागाने अधिक उबदार पट्ट्यात सरकला, आणि रॅले शहर '७ब' मधून '८अ' मध्ये गेले. विभागातील हा बदल हवामानबदलाचा पुरावा मानू नये, असे कृषी खात्याने बजावले आहे, कारण मोजण्याचे तंत्र व केंद्रांची संख्याही बदलली आहे. येथे जुन्या कोष्टकाला एक नवे काम मिळते. हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५२ ते १८५८ या काळात काँकर्ड येथे ठेवलेल्या फुलांच्या तारखांची रिचर्ड प्रायमॅक व अब्राहम मिलर-रशिंग यांनी अलीकडच्या निरीक्षणांशी तुलना केली आणि तेथील फुले सरासरी सुमारे सात दिवस लवकर उमलत असल्याचे २००८ मध्ये दाखवून दिले. रॅलेतील तारखाही अशाच रीतीने वाचता येण्याजोग्या आहेत. लॉरेन्स यांनी त्या शेजारच्या बागकर्त्याला रोप निवडता यावे म्हणून लिहून ठेवल्या होत्या.