पहिला अल्बम आणि पाहुण्यांची गर्दी

मुंबईतल्या तरुण जॅझवादकाचा पहिला अल्बम आला की मी आधी पाहुण्यांची यादी वाचतो. अलीकडे ती इतकी लांब असते की यजमान कोण हे शोधावं लागतं. एका रचनेत अमेरिकेतला ड्रमर, दुसरीत युरोपातला गिटारवाला, तिसरीत चेन्नईचा मृदंगम. प्रत्येकानं आपापल्या गावी बसून आपला भाग वाजवायचा आणि फाइल पाठवून द्यायची, ही आता रूढ पद्धत आहे. ऐकायला सगळं चोख असतं. सूर पक्के, लय घट्ट, ध्वनिमुद्रण स्वच्छ. तरीही ऐकून झाल्यावर जुन्या श्रोत्यांच्या भाषेत म्हणावंसं वाटतं: तयारी ऐकली, गाणं ऐकायचं राहिलं.

या पिढीचं सगळ्यात झळाळतं नाव घ्यायचं तर मोहिनी डेचं. वडील सुजॉय डे स्वतः बासवादक, त्यामुळे घरातच तालीम. लहान वयातच ड्रमर रणजित बारोटनं तिला हाताशी धरलं आणि विशीत येईपर्यंत ती जगभरच्या मंचांवर वाजवू लागली. तोंडानं कोनाकोलचे, म्हणजे कर्नाटक संगीतातले तालाचे, बोल म्हणत तेच बोल त्याच क्षणी बासवर उतरवणं ही तिची खासियत. हे वाजवायला किती अवघड आहे ते एखाद्या तबलजीलाच विचारावं. 2023 साली तिचा स्वतःच्याच नावाचा पहिला अल्बम आला, त्यात रॉक आणि फ्यूजनमधले बडे परदेशी वादक आले. मला तो आवडला, पण पुन्हापुन्हा ऐकावासा वाटला नाही. प्रत्येक रचना तिहाईच्या दिशेनं धावते, प्रत्येक पाहुण्याला आपल्या वाट्याच्या मिनिटात सगळं सांगून टाकायचं असतं, आणि मोहिनीला सावकाश बोलायला जागाच उरत नाही. ती एखाद्या तिघाचौघांच्या कायमच्या ताफ्यासोबत वर्षभर वाजवून मग स्टुडिओत गेली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मला त्या अल्बमपेक्षा जास्त छळतो.

तो छळतो, कारण हे दुसरीकडे घडताना दिसतं. गेली काही वर्षं मी पोलंडच्या तरुण जॅझवाल्यांचे पहिले अल्बम नेमानं ऐकतो आहे. तिथे पहिला अल्बम ही सार्वजनिक आस्थेची बाब आहे. संगीत आणि नृत्यासाठीची त्यांची सरकारी संस्था खास जॅझमधल्या पदार्पणाच्या अल्बमांसाठी एक योजना चालवते. निवड झालेल्या तरुणाला अल्बम काढायला पैसे मिळतात. शोपँच्या पहिल्या नावावरून दिल्या जाणाऱ्या ‘फ्रिडेरिक’ पुरस्कारांत जॅझ पदार्पणाला वेगळं बक्षीस आहे. कातोवित्सेच्या संगीत विद्यालयात जॅझचा विभाग 1968 पासून आहे. आणि या सगळ्याच्या पाठीशी ‘पोलिश जॅझ’ ही क्रमांक दिलेल्या रेकॉर्डांची मालिका: 1965 ते 1989 या काळात सरकारी कंपनीनं तिच्यात 76 रेकॉर्डी काढल्या. साम्यवादी राजवटीत, बरं का. पियानोवादक आणि रचनाकार क्शिश्तोफ कोमेदाची ‘अस्टिग्मॅटिक’ तिच्यातली पाचवी. ट्रम्पेटवादक तोमाश स्तान्कोचा पहिला अल्बम ‘म्युझिक फॉर के’ 1970 सालचा, म्हणजे तो अठ्ठावीसच्या घरात असतानाचा. यातला ‘के’ म्हणजे कोमेदा, जो आदल्याच वर्षी वारला होता. पाचच जण वाजवताहेत, पाहुणा एकही नाही. पाच माणसं एकाच दुःखाभोवती बसली आहेत एवढंच ऐकू येतं, आणि तेवढं पुरतं.

आजची मुलं तोच धागा धरून आहेत. पियानोवादक अगा देर्लाकचा ‘फर्स्ट थॉट’ (2015) आणि काशा पियेत्श्कोचा ‘फोर्थराइट स्टोरीज’ (2017) ही दोन्ही पियानो, बास आणि ड्रम अशा त्रिकुटांची कामं. देर्लाकच्या अल्बमला फ्रिडेरिक मिळालं. कुबा प्वुझेकनं तर आपल्या चौकडीच्या पदार्पणाला सरळ ‘फर्स्ट अल्बम’ असंच नाव दिलं. मला यात सगळ्यात जवळचा वाटतो तो व्रोत्सवाफच्या ‘ईएबीएस’ या गटाचा ‘रेपिटिशन्स’ (2017). हिप-हॉपच्या बीट्सवर वाढलेली ही पोरं कोमेदाच्या कमी ऐकलेल्या रचना घेतात आणि ठुमरीतली एकच ओळ दहा अंगांनी सांगावी तशा पुन्हापुन्हा घोळवतात. आजोबांचं कर्ज मान्य करून त्यांच्याशी वाद घालणं या अल्बमला जमलं आहे.

पोलंडचे गोडवे गाऊन थांबायचं नाही. सरकारी अनुदानाचा आपला असा एक ध्वनी तयार होतो. यातले बरेच अल्बम सुबक, धूसर, किंचित उदास, आणि एकमेकांसारखे आहेत. निवड समितीला काय रुचेल याचा अंदाज घेऊन केल्यासारखे. आपल्याकडच्या पुरस्कारपात्र समांतर सिनेमाला एकेकाळी जो आजार झाला होता, त्याच जातीचा हा आजार. पण तिथे फसलेला अल्बमसुद्धा एका गटाचा असतो, आणि गट दुसऱ्या अल्बममध्ये सावरू शकतो. पाहुण्यांच्या यादीला सावरता येत नाही.

आपल्याकडे हे असं का, याचं उत्तर जुन्या मुंबईत आहे. तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा काळा अमेरिकन बँड आला, पुढे टेडी वेदरफोर्ड आला, आणि गोव्याच्या चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेल्या पोरांनी ही विद्या त्यांच्याकडून उचलली. नरेश फर्नांडिसांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात तो सगळा काळ आहे. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट हा त्यातला तारा. पण त्याचं वाजवणं आज घरोघरी पोचलेलं आहे ते चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, ‘अलबेला’मधून (1951). सिनेमानं या वादकांना पोटभर काम दिलं आणि नाव काढून घेतलं. दिवसभर दुसऱ्याच्या चाली, रात्री हॉटेलात दुसऱ्यांचीच गाणी. स्वतःचा अल्बम काढायचा तर केव्हा?

ज्याला काढायचा होता त्याला समुद्र ओलांडावा लागला. मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवादक अमानसिओ डिसिल्वा लंडनला गेला आणि 1969 मध्ये त्याचा ‘इंटिग्रेशन’ आला. डॉन रेंडेल, इयन कार यांच्यासारखे ब्रिटिश जॅझमधले नामवंत सोबतीला असूनही अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत अमानसिओचा आहे. एका रचनेचं नावच ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’. त्याची गिटार ऐकताना राग लावून दाखवतोय असं क्षणभरही वाटत नाही. स्वर जिथे थांबतात, जिथे वळतात, तिथे आपला कान लगेच ओळख देतो. माझ्या मते मुंबईच्या जॅझवाल्याचं आजवरचं सर्वोत्तम पदार्पण हेच, आणि ते मुंबईत झालं नाही. पुढल्याच वर्षी ब्राझ गोन्साल्विसची ‘रागा रॉक’ इथे निघाली. सॅक्सोफोन जबरदस्त, धाडसही मोठं, पण त्यानंतर ओळीनं दहा रेकॉर्डी याव्यात असा रस्ता त्याच्यापुढे नव्हता.

पुढे निरंजन झवेरींनी 1978 मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला, मुंबईच्या रंगभवनात सॉनी रॉलिन्ससारखा माणूस येऊन वाजवून गेला. पियानोवादक लुई बँक्स यांनी आधी कलकत्ता आणि मग मुंबई हाताखालच्या तरुणांनी भरून टाकली. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’मध्ये अशोक पत्कींच्या जोडीला तेच होते, हे मराठी वाचकाला आठवत असेल. तरी हिशेब बदलला नाही. रणजित बारोट एवढा मोठा ड्रमर, सितारादेवींचा मुलगा. त्याचा पहिला स्वतःचा अल्बम ‘बडा बूम’ आला तेव्हा तो पन्नाशीच्या आसपास होता. आधीची वर्षं सिनेमाच्या स्टुडिओत गेली. वादक मंडळींच्या बोलण्यात आजही हेच येतं: आठवड्याला दोन रेकॉर्डिंग, एक कॉर्पोरेट गिग, सीझनमध्ये लग्नाचे संगीत, की घरभाडं सुटतं. चौघांनी मिळून रोज तालीम करायची तर तालमीच्या खोलीचं भाडं कुणी भरायचं आणि चुकलेल्या गिगचे पैसे कुणी द्यायचे? अशा गणितात अल्बम हा संगीताचा टप्पा राहत नाही, परदेशी महोत्सवांना पाठवायचा बायोडेटा होतो. बायोडेटात ओळखीची मोठी नावं लागतातच.

जागांचंही तेच. लोअर परळच्या मथुरादास मिलमधलं ‘ब्लू फ्रॉग’ हे मैफलींचं ठिकाण 2007 ते 2016 एवढंच टिकलं. त्याच परळात 2013 मध्ये ट्रू स्कूल ऑफ म्युझिक सुरू झालं आणि तिथून शिकलेली मुलं बाहेर पडू लागली. म्हणजे शिकवायची सोय झाली, आणि आठवड्याच्या आठवड्याला त्याच चौघांनी त्याच जागी वाजवायची सोय गेली. जॅझ शाळेत शिकता येतो. गट मात्र मंगळवारच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवून तयार होतो.

अपवाद आहेत आणि ते बोलके आहेत. पुण्यात पर्यावरणशास्त्र शिकायला आलेला सारथी कोरवार तबल्यात रमला, राजीव देवस्थळींकडे शिकला, मग लंडनला गेला. त्याचा पहिला अल्बम ‘डे टू डे’ (2016) गुजरातेतल्या सिद्दी कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांवर उभा आहे. एक जागा, एक आवाज, त्याच्याभोवती सगळं. जॅझ, तबला, आफ्रिकेहून येऊन शतकानुशतकं इथलेच झालेल्या लोकांचं गाणं, ही मिसळ कागदावर वाचली तर फ्यूजनची भीती वाटते. ऐकताना वाटत नाही, कारण कुणीच कुणाला हरवायला बसलेलं नाही. पुढे ‘मोअर अरायव्हिंग’मध्ये (2019) त्यानं मुंबईचे रॅपर घेतले, तेही याच शहाणपणानं. मुंबईतच राहून वेगळी वाट काढली ती अदिती रमेशनं. वकिली सोडून आलेल्या या बाईची ‘ऑटोकरेक्ट’ ही ईपी 2017 ची. कर्नाटक संगीताची जुनी तालीम, त्यावर जॅझचं मोकळं गाणं, आणि विषय घरातले: लग्नाचं वय, लोक काय म्हणतील, स्वतःशी चाललेली कटकट. ध्वनिमुद्रण काही ठिकाणी कच्चं आहे. पण पहिल्या दोन मिनिटांत कोण बोलतंय हे कळतं, आणि पदार्पणाकडून माझी तेवढीच अपेक्षा असते. बंगळुरूच्या वारिजश्री वेणुगोपालचा ‘वारी’ (2024) यापेक्षा कितीतरी श्रीमंत निर्मितीचा आहे. तिथे पाहुणेही आहेत, पण मायकेल लीगसारख्या निर्मात्यानं सगळ्यांना गळ्याच्या मागे बसवलं आहे. पाहुणे बोलावणं हा गुन्हा नाही, त्यांना कुठे बसवायचं हे यजमानाला ठाऊक हवं.

स्तान्कोची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती आपल्या अंगणातली आहे. 1980 साली हा माणूस एकटा ट्रम्पेट घेऊन आग्र्याच्या ताजमहालात आणि आपल्या कार्ल्याच्या लेण्यात वाजवून गेला. रेकॉर्ड निघाली, नावातच ‘कार्ला केव्ह्ज’ आहे. जिथे एकवीरा आईच्या दर्शनाला आगरी-कोळी पालख्या घेऊन चढतात, त्या देवळाला लागूनच हे चैत्यगृह. लाकडी फासळ्यांच्या कमानीखाली, दोन्ही बाजूंच्या खांबांमधून आवाज मागे स्तूपापर्यंत जातो आणि उशिरानं परततो. स्तान्को एक छोटा तुकडा वाजवतो, थांबतो, लेण्यानं तो परत द्यायची वाट पाहतो, आणि मगच पुढचा वाजवतो. साथीला दगड. ही रेकॉर्ड मी आपल्या तरुण वादकांना मुद्दाम ऐकवतो. बहुतेकांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं, आणि कार्ला इथून दीड-दोन तासांवर आहे.

‘इथून’ म्हणजे नवी मुंबईहून. शंकर महादेवनसारखा जॅझवाल्यांच्या मांडीला मांडी लावून गाणारा गायक वाशीत राहतो, पण वाशीच्या पोराला जॅझ ऐकायचा तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला जावं लागतं आणि शेवटच्या पनवेल लोकलकडे लक्ष ठेवून दुसरा सेट अर्धा सोडावा लागतो. जानेवारी 2025 मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. रेल्वेनं जादा लोकल सोडल्या, पालिका आणि पोलीस दिवसरात्र राबले. म्हणजे मनात आणलं तर या शहराला संगीतासाठी हलता येतं. शंभर खुर्च्यांची एक खोली त्यामानानं किरकोळ काम आहे.

आणि पैशांचं म्हणाल तर नमुना घरातच आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. त्यातली सगळी पुस्तकं थोर नसतात, पण कित्येकांचं पहिलं पुस्तक त्यामुळेच छापलं गेलं. तशीच योजना पहिल्या अल्बमासाठी मंडळानं किंवा सांस्कृतिक कार्य संचालनालयानं काढावी. जॅझपुरती नको, शास्त्रीय, लोकसंगीत, रॅप, सगळ्यांसाठी. अट एकच घालावी: अर्ज गटानं करायचा, आणि त्या गटानं आधी वर्षभर एकत्र वाजवलेलं असावं. नवी मुंबई महानगरपालिकेनं विष्णुदास भावे नाट्यगृहात महिन्यातली एक आडवारची संध्याकाळ अशा गटांना नाममात्र भाड्यात द्यावी. तोवर वाचकांना एवढंच सांगणं: ‘इंटिग्रेशन’, ‘ऑटोकरेक्ट’ आणि ‘डे टू डे’ हे तीन याच क्रमानं ऐका, आणि यातल्या जिवंत कलावंतांचे अल्बम जमेल तिथे विकत घ्या.