आभासी वास्तवातील हस्तसंकेत : ‘नैसर्गिकते’च्या दाव्याची चिकित्सा

प्रास्ताविक

कळफलक, माऊस व स्पर्शपटल यांच्यानंतर आता मोकळा हात हेच संगणकाला आज्ञा देण्याचे साधन होऊ पाहत आहे. व्हर्च्युअल रिॲलिटी अर्थात आभासी वास्तवाच्या हेडसेटवरील कॅमेरे बोटांची हालचाल टिपतात आणि संगणक तिचा अर्थ लावतो. २०१९ च्या अखेरीस ऑक्युलस क्वेस्टमध्ये ही सोय आली. २०२४ मध्ये बाजारात आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रोची तर मुख्य मदार नजर व चिमटी यांवर आहे. असे संकेत ‘नैसर्गिक’ असल्याने ते शिकावे लागत नाहीत, असे त्यांचे समर्थन केले जाते. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला परिचित असलेल्या एका जुन्या संकेतपद्धतीच्या आधारे केली आहे.

रुमालाखालचा सौदा

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी व नेवासे तालुक्यातील घोडेगाव ही गावे जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रातील अशा बाजारांत हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, रुमालाखाली वा उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून किंमत ठरवीत आले आहेत. धरलेल्या बोटांवरून आकडा कळतो. तो शेकड्यांत की हजारांत, हे व्यवहाराच्या संदर्भावरून समजते. भोवती गर्दी असूनही भाव तिसऱ्यास कळत नाही.

या पद्धतीत नैसर्गिक असे काहीच नाही. ती जाणत्यांच्या सहवासात शिकावी लागते. तरीही ती टिकली, याची तीन कारणे संभवतात. रुमाल टाकला की संकेत सुरू होतो व काढला की संपतो. त्यामुळे इतर वेळी हात हलला तरी तो सौदा ठरत नाही. दुसरे, बोट धरल्याचे दोघांनाही स्पर्शाने कळते. तिसरे, हात अंगालगत राहत असल्याने दमत नाही.

आधुनिक रचनांचे मूल्यमापन

याच तीन कसोट्यांवर अलीकडील रचना तपासता येतात. मायक्रोसॉफ्टच्या २०१६ च्या होलोलेन्समध्ये हात कॅमेऱ्यासमोर उचलून हवेतच तर्जनी खाली आणावी लागे. तेथे स्पर्शाची खूण नव्हती आणि उचललेला हात लवकर अवघडतो. चिमटीच्या संकेतात अंगठा व तर्जनी परस्परांना टेकतात. आज्ञा दिल्याची जाणीव आपल्याच बोटांना होते. व्हिजन प्रोमध्ये हात मांडीवर ठेवूनही चिमटी घेता येते. मेटाने २०२५ मध्ये विकसकांना उपलब्ध केलेल्या सूक्ष्म संकेतांत अंगठा तर्जनीच्या कडेवरून सरकवायचा असतो. बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवीत मोजदाद करणाऱ्या मराठी माणसास ही हालचाल परकी वाटू नये. मात्र ती सोपी वाटते ती सवयीमुळे, निसर्गदत्त म्हणून नव्हे. डोनाल्ड नॉर्मन यांनी २०१० मध्येच अशा संकेतांच्या नैसर्गिकतेचा दावा नाकारला होता.

आरंभ व अंत यांचा प्रश्न मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही. बोलताना सहज केलेले हातवारे यंत्राला आज्ञा वाटू शकतात. रुमालाखाली गैरसमज झाल्यास समोरचा माणूस पुन्हा विचारतो. यंत्र तसे विचारीलच असे नाही. म्हणून अपरिवर्तनीय कृतीपूर्वी खातरजमा करणे व चूक मागे घेण्याची सोय ठेवणे, ही रचनाकाराची जबाबदारी ठरते.

हात कोणाचा?

सर्वांत गंभीर आक्षेप गृहीत हाताविषयी आहे. बहुतेक रचना पाच बोटांचा, सहज वळणारा हात प्रमाण मानतात. कडबाकुट्टी यंत्रात बोट गमावलेला शेतकरी किंवा संधिवाताने बोटे आखडलेली वृद्धा यांना चिमटी जमेलच असे नाही. शेतीचे वा यंत्रकामाचे प्रशिक्षण उद्या अशा साधनांतून दिले गेले, तर ज्यांना त्याची गरज आहे तेच वगळले जाण्याचा धोका आहे. आवाज, नजर व साधी कळ हे पर्याय म्हणूनच सवलत न मानता रचनेचे मूळ अंग मानले पाहिजेत.

निष्कर्ष

हस्तसंकेत नैसर्गिक आहे काय, हा प्रश्नच गैरलागू आहे. तो कोठे सुरू होतो, पोचल्याचे कसे कळते, हाताला विसावा मिळतो काय आणि कोणाचा हात वगळला जातो, हे प्रश्न विचारले पाहिजेत. काष्टी-घोडेगावसारख्या बाजारांतील खुणा यंत्रात जशाच्या तशा आणणे निरर्थक ठरेल; त्यांच्यामागील व्यवस्था मात्र अभ्यासण्याजोगी आहे. आभासी प्रशिक्षणाची साधने निवडणाऱ्या शिक्षणसंस्थांनी ती प्रथम प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या हातांवर पारखून घ्यावीत.