न्यू ॲम्स्टरडॅमचा कॅस्टेलो आराखडा : मोजणी, चित्र आणि मौन

प्रस्तावना

नकाशाकडे साधन म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांना जडलेली आहे. संहिता म्हणून त्याचे वाचन क्वचितच होते. इतिहासाच्या ग्रंथात नकाशा मजकुराशेजारी पुरावा म्हणून छापला जातो आणि जो वाचक मजकुराशी वाद घालतो, तोच नकाशापुढे मान तुकवतो. नकाशा सचित्र असेल तर ही अडचण अधिकच वाढते. घरांची छपरे, बागांचे वाफे, किल्ल्याचे बुरूज डोळ्यांना दिसू लागले की 'हे असेच होते' अशी खात्री पटते आणि चिकित्सेला वाव उरत नाही. प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतलेला 'कॅस्टेलो आराखडा' हा याच प्रकारातला आहे. आजच्या न्यूयॉर्क शहराच्या जागी सतराव्या शतकात वसलेल्या न्यू ॲम्स्टरडॅम या डच वसाहतीचे हे सर्वांत प्रसिद्ध नगरचित्र होय. मात्र ज्याला एक नकाशा म्हटले जाते ते वस्तुतः तीन वेगवेगळे नकाशे आहेत, आणि त्यांतील तिसऱ्याचे सौंदर्य पहिल्याची साक्ष म्हणून खपवले जाते.

संहितेचे तीन जन्म

पहिला नकाशा आज उपलब्ध नाही. न्यू नेदरलँड वसाहतीचा मुख्य भूमापक याक कोर्टेल्यू याने १६६० च्या उन्हाळ्यात गावाची मोजणी केली आणि गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट याने तो कागद डच वेस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे ॲम्स्टरडॅमला धाडला. (वेंगुर्ल्याच्या डच वखारीमुळे मराठी वाचकाला परिचित असलेली ती ईस्ट इंडिया कंपनी; ही तिची अटलांटिकवरची स्वतंत्र भावंड.) म्हणजे मूळ कागद हा दूरच्या मालकांपुढे ठेवलेला हिशेब होता. त्याच वर्षी निकासियस द सिल याने केलेल्या यादीत गावातील घरांची संख्या ३४२ भरते. मोजणी आणि शिरगणती एकाच प्रशासकीय गरजेतून जन्मल्या होत्या, हे येथे विसरता येत नाही.

संचालकांचे उत्तर १६६० च्या डिसेंबरमधले आहे आणि ते उद्बोधक आहे. गावात घरांविना पडलेली जागा फार आहे, घरांभोवतीची आवारे आणि बागा अवाजवी मोठ्या आहेत, वस्ती दाट असती तर संरक्षण सोपे झाले असते, असा त्यांचा शेरा होता. आज ज्या बागांपुढे पाहणाऱ्याची नजर रेंगाळते, त्यांच्यात पहिल्या वाचकांना जमिनीचा अपव्यय दिसला. एखाद्या संहितेच्या पहिल्या वाचनाचा इतका स्पष्ट पुरावा साहित्याच्या अभ्यासकालाही सहसा मिळत नाही.

दुसरा नकाशा म्हणजे सुमारे १६६५ ते १६७० या काळात काढलेली जलरंगातील नक्कल. ती योहानेस फिंगबोन्स या ॲम्स्टरडॅमच्या चित्रकाराची असल्याचे मानले जाते. टस्कनीच्या कोसिमो मेदिची याच्या संग्रहात ती गेली, फ्लॉरेन्सजवळच्या कॅस्टेलो या प्रासादात विस्मृतीत पडून राहिली आणि १९०० मध्ये पुन्हा उजेडात आली. आज ती फ्लॉरेन्सच्या लॉरेंझियाना ग्रंथालयात आहे. या नकलेचा काळ महत्त्वाचा आहे. १६६४ मध्ये इंग्रजांनी गाव घेतले होते आणि त्याचे नाव न्यूयॉर्क झाले होते. तरीही नकलेचे शीर्षक 'नव्या नेदरलँडातील ॲम्स्टरडॅम शहराचे चित्र' असेच राहिले. शीर्षकातील मूळ डच शब्द प्रतिमेचा वाचक आहे, मोजणीचा नव्हे. हातातून गेलेल्या गावाचे चित्र एका राजघराण्याच्या शोभेसाठी रंगवले गेले. हिशेबाचा कागद येथे संग्राह्य वस्तू झाला.

तिसरा जन्म १९१६ चा. आयझॅक न्यूटन फेल्प्स स्टोक्स यांच्या 'द आयकॉनोग्राफी ऑफ मॅनहॅटन आयलंड' या सहा खंडांच्या (१९१५ ते १९२८) प्रकल्पासाठी चित्रकार जॉन वोल्कॉट ॲडम्स यांनी आराखडा नव्याने रेखाटला. जलरंगातील धूसरता जाऊन तेथे ठसठशीत रेषा आली. घरे नेटकी झाली, वाफे रेखीव झाले. दुसऱ्या खंडात प्रत्येक घराला क्रमांक देऊन त्याचा मालक खरेदीखतांवरून शोधण्यात आला. हे परिश्रम थक्क करणारे आहेत, यात शंका नाही. परंतु स्टोक्स कोण होते हेही पाहिले पाहिजे. ते वास्तुविशारद होते आणि कोंदट चाळींविरुद्धच्या सुधारणांत अग्रेसर होते. न्यूयॉर्कच्या १९०१ च्या चाळविषयक कायद्याशी त्यांचे नाव निगडित आहे. १९१६ हेच वर्ष त्या शहराने उंच इमारतींवर पहिले नियमन आणल्याचेही आहे. उजेड आणि हवा यांसाठी झगडणाऱ्या माणसाच्या काळात १६६० च्या परसबागा पुन्हा रेखाटल्या गेल्या. संचालकांना जो दोष वाटला, तोच येथे आदर्श ठरला. चित्रातला प्रसन्न निवांतपणा सतराव्या शतकाचा किती आणि विसाव्या शतकाच्या घुसमटीचा किती, हा प्रश्न म्हणूनच अपरिहार्य ठरतो.

भिंत आणि चौकट

आराखड्यात उत्तर दिशा उजव्या हाताला आहे. डावीकडे किल्ला, मध्यभागी ईस्ट नदीतून गावात शिरलेला कालवा (आजचा ब्रॉड स्ट्रीट), आणि उजव्या अंगाला एका नदीपासून दुसऱ्या नदीपर्यंत गेलेली तटबंदी. हीच ती भिंत, जिच्यावरून वॉल स्ट्रीटला नाव मिळाले. इंग्रजांच्या भीतीने ती १६५३ मध्ये उभारली गेली आणि तिच्या उभारणीत कंपनीच्या ताब्यातील आफ्रिकी गुलामांचे श्रम होते. चित्रातील सर्वांत ठळक रेषा त्यांच्या हातची आहे. चित्रात ते कोठेही नाहीत. कंपनीच्या गुलामांचे घर ज्या चिखलगल्लीत होते, त्या गल्लीतही त्याला वेगळी खूण नाही.

येथे उत्तर-वसाहतवादी वाचन चटकन पुढे येते. जे. बी. हार्ली यांनी १९८९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नकाशा हा सत्तेचे प्रवचन म्हणून वाचण्याची दिशा दिली आणि त्यांच्यामुळेच नकाशातील मौनांचा विचार रूढ झाला. ही भूमिका मोलाची आहे. पण ती यांत्रिकपणे लावली की समीक्षकाचे काम फार सोपे होते. जे दिसत नाही ते दडपले, असे म्हणून मोकळे होता येते. भूमापकाला गावाची मोजणी सांगितली होती आणि गाव भिंतीपाशी संपत होते. कोर्टेल्यूवर लपवाछपवीचा आरोप ठेवण्यास आधार नाही. नगरमोजणीच्या प्रकारात माणसे येतच नाहीत. गोरा व्यापारीही या चित्रात नाही, फक्त त्याचे छप्पर आहे.

खरा पेच तेथून पुढे सुरू होतो. १६४४ मध्ये कंपनीने अकरा गुलामांना 'अर्धमुक्ती' दिली. ते स्वतः मुक्त झाले. परंतु दरसाल धान्य आणि एक डुक्कर कंपनीला द्यायचे आणि त्यांची मुले मात्र गुलामच राहायची, अशी ती मुक्ती होती. या आणि अशा कृष्णवर्णीयांना गावाच्या उत्तरेस जमिनी मिळाल्या. १६४३ ते १६४५ च्या युद्धात मूळ रहिवासी आणि डच यांच्यात रक्तपात चालू असताना या जमिनी गाव आणि शत्रू यांच्या मध्ये पडत होत्या. त्या गावाच्या आडोशासाठीच दिल्या गेल्या, असे अनेक इतिहासकार मानतात. म्हणजे या माणसांची जमीन होती आणि जमिनीचे दस्तऐवजही होते. 'ज्यांची खते नाहीत त्यांची नोंद नाही' हे स्पष्टीकरण येथे पुरत नाही. खते होती; ती चौकटीबाहेर होती.

स्टोक्स यांना हे ठाऊक नव्हते असेही नाही. त्यांच्याच सहाव्या खंडात मूळ जमीन-अनुदानांचा तपशील येतो आणि त्यात कृष्णवर्णीयांच्या जमिनींचाही अंतर्भाव आहे. ग्रंथाला जे माहीत आहे ते चित्राला माहीत नाही. दुसऱ्या खंडातील रेखाटन पुन:पुन्हा छापले गेले, भिंतींवर टांगले गेले, शालेय पुस्तकांत गेले. सहाव्या खंडाच्या वाट्याला अभ्यासकांखेरीज कोणी आले नाही. दोष असेल तर तो मोजणीचा नाही, विद्वत्तेचाही नाही. सुंदर पान वेगळे काढून पुरेसे मानण्याच्या सवयीचा तो आहे आणि या सवयीला ॲडम्स यांच्या रेषेचे कौशल्यच खतपाणी घालते. अस्सल जलरंगातील अनिश्चितता जर १९१६ मध्ये टिकवली असती, तर चित्र इतके लोकप्रिय झाले नसते हे खरे; पण पाहणारा कदाचित थबकला असता.

मूळ रहिवासी लेनापे यांची अनुपस्थिती याहून वेगळ्या प्रकारची आहे. त्यांच्यासाठी कागदावर भिंत हीच एकमेव खूण आहे. १६५५ मध्ये त्यांच्याशी पुन्हा संघर्ष झाला होता आणि मोजणीच्या वेळी तो पाच वर्षांइतकाच जुना होता. नीटनेटक्या वाफ्यांत त्या भीतीचा मागमूस नाही. संचालकांच्या कोरड्या शेऱ्यात मात्र ती आहे. म्हणूनच चित्र त्या पत्राशिवाय वाचणे अपुरे ठरते.

इंग्रजांनी १६९९ मध्ये भिंत पाडली. तिच्या जागेपासून उत्तरेला, ब्रॉडवेलगत, १९९१ मध्ये एका सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकी वंशाच्या लोकांची दफनभूमी सापडली. प्रामुख्याने अठराव्या शतकातील ४०० हून अधिक व्यक्तींचे अवशेष तेथून काढले गेले आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. आराखड्याच्या कागदावर ती जागा येत नाही. उजवी कड तिच्या बऱ्याच अलीकडे संपते.