कादंबरी आणि उपन्यास

'उपन्यास' म्हणजे मूळ संस्कृतात जवळ ठेवणे, पुढे मांडणे. हिंदी-बंगालीत ह्याच शब्दाने कादंबरी ओळखली जाते. कानडी-तेलुगूत त्याचा अर्थ व्याख्यान. मराठीने, आणि कानडीनेही, बाणभट्टाच्या गंधर्वकन्येचे, कादंबरीचे, नाव वाङ्मयप्रकारालाच दिले. नाव अद्भुतरम्य, पण बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (1857) निघाले ते विधवांच्या दुःखावर. तेव्हापासून आपली टीका स्वप्नरंजनाला नाके मुरडते आणि समस्या दिसली की मान डोलावते. त्या भरात कितीतरी कानडी अर्थाचे उपन्यास थोर कादंबऱ्या म्हणून खपून गेले! हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' मधली यमू व्याख्यान देत नाही. आपली हकीकत सांगत ती वाचकाच्या जवळ येऊन बसते. कादंबरीची खरी कसोटी त्या मूळ संस्कृत अर्थातच आहे.