व्यक्तिगत माहितीचे परदेशगमन आणि मानक करारकलमे

युरोपीय संघाच्या २०१६ च्या माहिती-संरक्षण विनियमाचे पाचवे प्रकरण एका तत्त्वावर उभे आहे : नागरिकाची व्यक्तिगत माहिती संघाबाहेर गेली, तरी तिचे संरक्षण तिच्यामागोमाग गेले पाहिजे. या तत्त्वाविषयी वाद नाही. ते पाळण्याचा भार कोणाच्या शिरावर टाकला आहे, हा खरा प्रश्न होय.

ज्या देशाचे संरक्षण युरोपीय आयोगाने पुरेसे ठरविले, तेथे माहिती निर्वेधपणे जाते. जपानला हा निर्णय २०१९ मध्ये लाभला. भारताला तो लाभलेला नाही. त्यामुळे पुण्याच्या वा बंगळूरच्या संगणकसेवा-कंपन्यांना बहुधा मानक करारकलमांचाच आश्रय घ्यावा लागतो. हा मजकूर आयोगाने शब्दशः ठरवून दिलेला असून पाठविणाऱ्याने व स्वीकारणाऱ्याने त्यावर केवळ सही करावयाची असते.

१६ जुलै २०२० रोजी, मॅक्स श्रेम्स यांच्या तक्रारीतून उद्भवलेल्या प्रकरणात, संघाच्या न्यायालयाने अमेरिकेसंबंधीचा ‘प्रायव्हसी शील्ड’ निर्णय रद्द केला. करारकलमे मात्र कायम राखली. खाजगी करार परकीय राज्यसत्तेला बांधून घेत नाही, हे न्यायालयाने स्वच्छ मान्य केले. येथवरची विचारसरणी निर्दोष आहे. परंतु पुढे त्याने असे ठरविले की, परदेशातील कायदा या वचनांच्या आड येतो की काय, हे माहिती पाठविणाऱ्यानेच प्रत्येक प्रसंगी तपासावे. अमेरिकेच्या बाबतीत हेच मूल्यमापन खुद्द आयोगाने २००० व २०१६ साली केले होते आणि दोन्ही वेळा ते न्यायालयात टिकले नाही. जे आयोगाला साधले नाही, ते व्यापाऱ्याला साधावे ही अपेक्षा चमत्कारिक म्हटली पाहिजे. ‘मेटा’ कंपनीने नव्या करारकलमांना पूरक उपायांची जोड दिली होती. तरीही मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने तिला १२० कोटी युरोंचा दंड केला. मग शंभर-दीडशे माणसांच्या कंपनीची काय कथा!

करारकलमेही रद्द झाली असती तर व्यवहारच खोळंबला असता, हा बचाव खरा आहे. शिवाय ज्याची माहिती आहे त्या त्रयस्थ व्यक्तीलाही या कलमांमुळे दाद मागता येते, हा गुण लहान नव्हे.

भारतीय बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. २०२१ च्या मजकुरातील चौदाव्या कलमान्वये, आपल्या देशाचा कायदा वचनपूर्तीच्या आड येईल असे मानण्यास कारण नाही, अशी हमी भारतीय कंपनीही देते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ ने शासनाला दिलेले माहिती हस्तगत करण्याचे अधिकार लक्षात घेता, ही हमी देताना लेखणी थोडी अडखळावयास हवी. ती प्रत्यक्षात किती वेळा अडखळते, हा वेगळा प्रश्न. भारताच्या २०२३ च्या अधिनियमाची रचना उलट आहे : केंद्र शासन अधिसूचनेने ज्या देशांवर निर्बंध घालील ते वगळता माहिती बाहेर जाऊ शकते. त्याच अधिनियमाच्या कलम १७ ने, परदेशस्थ व्यक्तींची जी माहिती परकीय पक्षाशी केलेल्या करारान्वये येथे हाताळली जाते, तिला सुरक्षिततेसारखी मोजकी बंधने वगळता बहुतेक तरतुदींतून मोकळे केले आहे. व्यवसायाच्या सोयीसाठी ही सूट समजण्यासारखी आहे. परंतु जेथे युरोपीय नागरिकाची माहिती भारतात येऊन विसावते, नेमक्या त्याच ठिकाणी भारतीय कायदा बव्हंशी मागे सरतो आणि करार एकटा उरतो.