हॉपकिन्स यांचा मे आणि आमचा मे

मे महिना पवित्र मरियेचा. या महिन्यात आमच्या गावोगावी क्रुसापुढे रोझरीसाठी माणसे जमतात, मोगऱ्याचे हार वाहिले जातात. परंतु हा मान मे महिन्यालाच का, असे आम्ही सहसा विचारीत नाही. येशूसंघीय कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स (१८४४-१८८९) यांनी १८७८ साली ‘द मे मॅग्निफिकॅट’ या कवितेत हाच प्रश्न केला आहे. त्यांचे उत्तर असे : या महिन्यात सारी सृष्टीच माता होते. घरट्यांत अंडी असतात, चेरी आणि सफरचंद बहरतात, जे ते आतून वाढू लागते. आणि ते पाहून मरियेला प्रभू आपल्या उदरात वाढत होता ते दिवस आठवतात.

कविता गोड आहे; तरीही आमच्याकडील वाचक तिच्यापाशी अडखळतो. आमच्या मे महिन्यात विहिरींचा तळ दिसू लागतो, शेतजमिनीला भेगा पडतात. हॉपकिन्स यांचा मे इंग्लंडचा आहे. तो जसाच्या तसा उचलला, तर आमची भक्ती परक्या हवेत श्वास घेऊ लागेल. आमच्या नाताळगीतांत अधूनमधून पडणारे हिम याच उसनवारीचे फळ आहे.

मग हॉपकिन्स यांच्याकडून घ्यावे काय? आमच्या मते, देखावा नव्हे, दृष्टी घ्यावी. १८७७ च्या सप्टेंबरमध्ये वेल्समधील एल्वी नदीवर मासे धरून ते एकटेच परतत होते. वाटेत कापणीची शेते आणि वरचे ढग पाहताना त्यांचे मन इतके उचंबळले, की त्यातून ‘हराहिंग इन हार्वेस्ट’ ही कविता आली. ख्रिस्ताचे वैभव तेथे आधीपासूनच होते, उणीव होती ती पाहणाऱ्याची, हे त्या कवितेचे मर्म आहे. हयातीत फारसे छापले न गेलेल्या या कवीचा संग्रह १९१८ साली, मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, निघाला. तोवर वाचणाराही उणाच होता म्हणायचा!

पाहणारे आम्ही झालो तर आमच्या ऋतूंत काय दिसेल? पावसापूर्वी कोकणातला शेतकरी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतो. जमीन काळी होते, उजाड दिसते. पण त्याच राखेवर बी पडते आणि रोप तरारते. राखेच्या बुधवारी कपाळी लागणाऱ्या राखेचा अर्थ याहून सोपा करून कोण सांगेल? पुढे लावणीच्या वेळी तेच रोप मुळासकट उपटले जाते, चिखलात पुन्हा रोवले जाते, तेव्हाच त्याला फुटवे येतात. आणि ऑक्टोबरात, आगेऱ्याच्या दिवशी, पहिली कणसे वेदीपुढे येतात.

या दृष्टीने पाहता आमचा मेही मरियेचाच ठरतो, मात्र वेगळ्या अर्थाने. हॉपकिन्स यांच्या मे महिन्यात भरलेल्या उदराची माता आहे. आमच्या मे महिन्यात, देवदूतापुढे होकार देणारी नाझरेथची कन्या आहे. भाजलेली, मोकळी, आभाळाकडे डोळे लावून बसलेली जमीन म्हणजे तिचा होकारच.

एक खंत मात्र मनात राहते. जेथे शेते इमारतींखाली गेली, तेथे आगेऱ्याची कणसे बाहेरगावाहून आणावी लागतात. ज्या मुलांनी राब पाहिलाच नाही, त्यांना या प्रतिमा उद्या चेरीच्या बहराइतक्याच परक्या होतील. म्हणून आमच्या कवींना विनंती, की शेवटचे शेत डोळ्यांसमोर आहे तोवर त्यावरचे गीत लिहावे. आणि आईवडिलांना विनंती, की येत्या आगोटीला मुलांना बांधावर न्यावे. पाहणाऱ्याची उणीव आमच्या घरातून तरी राहू नये.